फाइटचे डोळे

डिसेंबर 1919. बर्लिनमधल्या वायसेनझेच्या स्टुडिओत पाऊल टाकताच तुम्ही गांगरता. भिंती तिरक्या, खिडक्या वाकड्या आणि जमिनीवरची सावली चक्क रंगवलेली! मूकपटाचं चित्रण आहे, त्यामुळे शांतता वगैरे काही नाही. दिग्दर्शक रॉबर्ट वीने शॉट चालू असतानाही खुशाल सूचना देऊ शकतो. तुम्ही कॅमेऱ्याला खेटून उभे राहा. समोर उभी पेटी उघडते. आत काळ्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतला उंच, काटकुळा तरुण डोळे मिटून उभा आहे. तोंड पांढरंफटक, डोळ्यांभोवती काळे फराटे. आधी चेहऱ्याचा एखादा स्नायू फुरफुरतो. मग पापण्या जडपणे वर सरकतात आणि डोळे विस्फारतच जातात.

हा कॉनराड फाइट, वय 26. ‘डॉ. कॅलिगारी’मधला सेझारे: झोपेत चालणारा, मालकाच्या हुकमासरशी खून करणारा. जरा नीट बघा, त्या डोळ्यांत क्रौर्य नाही. हुकमाखाली दबलेल्या माणसाची भेदरलेली नजर आहे ती. मला तर फाइटचं सगळं मोठेपण इथेच दिसतं: खलनायकाला राक्षस करून तो मोकळा होत नाही, त्याच्या आत शिरतो.

आता 1933. तेच बर्लिन, पण नाझींचं. सिनेमावाल्यांना आपला वंश कागदावर लिहून द्यावा लागतोय. फाइट जन्माने ज्यू नाही; त्याची नवी बायको लिली मात्र ज्यू आहे. फॉर्मवर त्याने स्वतःपुढेही ‘ज्यू’ असंच लिहिलं, असं सांगतात. एवढं मात्र पक्कं की त्याने मायदेश सोडला आणि इंग्लंड गाठलं. 1934 मध्ये तिथे ‘ज्यू झ्यूस’मध्ये ज्यूंच्या छळाविरुद्ध उभी राहणारी भूमिका केली. 1939 मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला. पुढे ‘थीफ ऑफ बगदाद’मध्ये तो दुष्ट वजीर जाफर झाला, समोर चोर होता म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू.

मग 1942 चा उन्हाळा, अमेरिकेतलं बरबँक, वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ. ‘कॅसाब्लांका’मधला रिकचा कॅफे गच्च भरलाय. टेबलांशी बसलेल्यांपैकी कितीतरी जण खरोखरचे निर्वासित आहेत. गिटार घेतलेल्या बाईच्या मागे जाऊन उभे राहा, तिथून पियानो सरळ दिसतो. भोवती जर्मन अधिकारी जोशात गाताहेत आणि त्यांच्यात मेजर स्ट्रासर, म्हणजे आपला फाइट. गणवेश कडक, मान ताठ. इतक्यात बँडवर फ्रान्सचं राष्ट्रगीत ‘मार्सेयेझ’ सुरू होतं. माणसं एकेक करून उठतात. अभिनेत्री मादलेन लबो गाताना रडतेय. जर्मन फौजा आल्यावर ती खरोखरच पॅरिसहून पळाली होती. तिचे ओले गाल तुमच्यापासून हातभर अंतरावर आहेत.

पण नजर फाइटवरून हलवू नका. या दृश्यात त्याला हरायचंय, तेही रुबाबात. तो आपल्या माणसांना आणखी जोराने गायला लावतो, आवाज कमी पडतो, जबडा आवळला जातो. ज्यांच्यामुळे घर सुटलं त्यांचाच गणवेश चढवून हा माणूस त्यांच्या उर्मटपणातली एक रेषसुद्धा हलकी करत नाही. बघणाऱ्याला स्ट्रासरची खरी चीड यायला हवी, म्हणून.

3 एप्रिल 1943 ला लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळताना हृदयविकाराने तो गेला. वय 50. ‘कॅसाब्लांका’ तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांत लागून जेमतेम काही महिने झाले होते आणि बर्लिनमध्ये अजून हिटलरच होता.