भोंग्यापासून पॉवर्ड स्पीकरपर्यंत : आपल्या अंगणातल्या आवाजाची पंचवीस वर्षं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा इमारतीचा, पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा इतिहास आधीच वाटून झाला होता. माझ्याकडे उरला तो सांस्कृतिक समितीचा जुना रजिस्टर. पानं चाळताना लक्षात आलं की आपल्या सोसायटीत सर्वात जास्त भांडणं पार्किंगवरून झाली, आणि त्याखालोखाल आवाजावरून! तेव्हा हा लेख त्या आवाजाचा. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना कदाचित ठाऊक नसेल की पार्किंगशेजारच्या खोलीतले ते दोन काळे डबे कसे आले आणि त्यांच्यापायी केवढं रामायण घडलं.

सोसायटीची नोंदणी झाली २००० साली. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम जाहीर केले. म्हणजे आपण आणि तो कायदा एकाच वयाचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, लाऊडस्पीकरला लेखी परवानगी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हे सगळं त्यात होतं. पण खरं सांगायचं तर पहिली पाच वर्षं आपल्याला याचा पत्ताच नव्हता. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, वर्तमानपत्रांत चर्चा झाली, तेव्हा कुठे दहाचा ठोका कानी पडू लागला.

पहिल्या गणेशोत्सवात बिछायत केंद्राकडून सतरंज्या, खुर्च्या, दोन भोंगे आणि एक ॲम्प्लिफायर असं सगळं एकाच हातगाडीवर आलं. भोंगा अशोकाच्या झाडाला बांधायचा, तोंड फाटकाकडे करायचं, झालं काम. त्या भोंग्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याचं कूळ मोठं आहे. १९१५ मध्ये अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी कर्ण्यातून मोठ्या जमावाला आवाज ऐकवून दाखवला. कागदी पडद्याचा, आजही आपल्या टीव्हीत असतो तसा स्पीकर राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. आपल्याकडे मोटवानी कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ'चे माइक स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांमधून दिसले, आणि १९४० मध्ये सुरू झालेल्या अहुजा कंपनीचे ॲम्प्लिफायर तर गावोगावच्या मांडवात पोचले. थोडक्या विजेत लांबवर आवाज फेकायचा, ऊन-पाऊस सोसायचा, हे भोंग्याचं काम. भाषणाला, आरतीच्या सूचनेला, "ज्यांची पांढरी गाडी फाटकात उभी आहे त्यांनी..." याला तो उत्तम.

पण गाण्याला नाही. भोंग्यातून मधला आवाज तेवढा निघतो. तबल्याचा डग्गा गायब होतो, हार्मोनियम चिरकते आणि माणसाचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. आपल्या महिला भजनी मंडळाला याचा सर्वात जास्त फटका बसला. श्रावणभर दुपारी तालीम करायच्या, आणि उत्सवात गाणाऱ्या बायकांना स्वतःचा शब्द ऐकू यायचा नाही. समोरचे ओरडायचे, "काय म्हणून राहिल्या, काहीच समजून नाही राहिलं!" मग बिछायतवाला आवाज वाढवायचा, माइक कुईंऽऽ करून शिट्टी मारायचा, मुलं कानावर हात ठेवायची. रजिस्टरमध्ये २००७ ते २०१४ पर्यंत दरवर्षी एक वाक्य हमखास आहे : "ध्वनिव्यवस्थेबाबत सभासदांनी नाराजी व्यक्त केली."

२०१५ ला मात्र गोष्ट नाराजीवर थांबली नाही. पोरांनी विसर्जनासाठी मोठ्या डब्यांचं डीजे ठरवलं. ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका बायपास करून नुकतेच घरी आले होते. खिडक्यांची तावदानं थरथरत होती आणि काकू जिन्यात उभ्या राहून रडत होत्या. कोणीतरी पोलिसांना फोन केला. कोणी केला हे आजही कोणाला माहीत नाही, आणि ते शोधायचं नाही असं तेव्हाच ठरलं, हे बरं झालं. पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागली. ठराव एका ओळीचा होता : यापुढे सोसायटीच्या आवारात कोणत्याही प्रकारचा लाऊडस्पीकर लावू नये.

ठराव जवळजवळ मंजूरच झाला होता. तेवढ्यात भजनी मंडळातल्या सर्वात ज्येष्ठ आजी उठल्या. म्हणाल्या, "डीजे बंद करा, माझं काही म्हणणं नाही. पण मागच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला माझा अभंग ऐकू गेला पाहिजे. त्याच्यासाठी काय आणाचं ते तुम्ही पाहा, इतके इंजिनियर बसले आहात इथं!" हशा पिकला आणि ठराव बाजूला पडला. त्याऐवजी तीन जणांची समिती नेमली गेली : रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले सी विंगचे काका, बी विंगमधली एक तरुण इलेक्ट्रॉनिक्सची प्राध्यापिका आणि मी.

पहिला प्रश्न पैशाचा. मागच्या वर्षात गणेशोत्सव, तान्हा पोळा, कोजागिरी, २६ जानेवारी आणि स्नेहसंमेलन मिळून साऊंडच्या भाड्याचे २१,५०० रुपये गेले होते. ४८ घरांनी प्रत्येकी १,५०० दिले तर ७२,००० होतात, म्हणजे साडेतीन वर्षांत वसूल. "आणि बिघडलं तर?" हा सी विंगचा प्रश्न रास्त होता. म्हणून ठरलं की ज्याची दुरुस्ती नागपुरातच होते तेच घ्यायचं, मग ते चार पैसे महाग का असेना.

दुसरा प्रश्न, घ्यायचं काय? पूर्वी ॲम्प्लिफायर वेगळा, डबे वेगळे, मध्ये जाड वायरी. चुकीची जोडी जमली की डबा जळायचा. पॉवर्ड स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर डब्याच्या पोटातच असतो. त्या डब्याला नेमका जेवढा सोसवेल तेवढाच, आणि जास्त झालं तर स्वतःला आवरणारा. १९९५ मध्ये जेबीएलचा इऑन आणि १९९९ मध्ये मॅकीचा एसआरएम ४५० आला, तेव्हापासून प्लास्टिकच्या हलक्या कवचातले हे डबे जगभरच्या छोट्या कार्यक्रमांत रुळले. आपल्यासारख्या, जिथे साऊंडवाला पगारी नसून सभासदच असतो, अशा ठिकाणी हेच बरे. एका माणसाने उचलायचे, स्टँडवर ठेवायचे, प्लग लावायचा.

सीताबर्डीच्या दुकानांत आम्ही तीन शनिवार घातले. जो तो वॉट सांगायचा : हजार, दीड हजार, दोन हजार! प्राध्यापिका बाईंनी आम्हाला समजावलं ते इथे लिहून ठेवतो, कारण पुढे-मागे कुणाला लागेल. डब्यावर छापलेला मोठा आकडा बहुतेक वेळा क्षणभराच्या झटक्याचा असतो. सतत किती देतो ते विचारा. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे हजाराच्या जागी दोन हजार घेऊन ऐकणाऱ्याला फारसा फरक नाही, खिशाला मात्र आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. आपलं अंगण साठ फूट लांब, माणसं फार तर दीडशे. इथे ताकदीपेक्षा स्वच्छपणा महत्त्वाचा.

मग आकार. दहा इंची डबा बोलण्याला छान, पण डग्ग्याला कमी पडला. पंधरा इंचीत ठोका भरपूर, पण जड, आणि आमच्या कानाला त्यात गाणारीचा आवाज मागे गेल्यासारखा वाटला. बारा इंचीवर तिघांचं एकमत झालं. दुकानदार त्याच्या पेनड्राइव्हवरची धडधडीत गाणी लावून दाखवायचा. त्यात सगळेच डबे भारी वाटतात. काकांनी अट घातली की आमच्या अंगणात आणून दाखवा. दोन दुकानदार नाही म्हणाले, तिसरा आला. एका रविवारी संध्याकाळी तीन जोड्या मांडल्या, समोर भजनी मंडळ बसवलं आणि निकाल मागच्या खुर्चीवरच्या आजींनी दिला. डब्यांवर कपडा टाकला होता, म्हणून नाव पाहून मत देण्याचा प्रश्नच नव्हता. सर्वात महाग जोडी तिसरी आली!

जुलै २०१६ मध्ये दोन स्पीकर, सहा चॅनेलचा मिक्सर, चार माइक, स्टँड आणि तीन पिनांच्या वायरी आल्या. खरं शिक्षण त्यानंतरचं. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, मागे नको, निम्म्या शिट्ट्या तिथेच संपतात. स्टँड डोक्याच्या वर घ्या, म्हणजे पहिल्या रांगेचे कान फाटत नाहीत आणि शेवटच्या रांगेला ऐकू जातं. तोंड आपल्या अंगणाकडे, शेजारच्या इमारतीकडे नाही. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये, असा नियमच आहे. गुणगुण आली तर आधी सॉकेटची अर्थिंग तपासा. आणि नागपूरच्या उन्हात, एक मेच्या झेंडावंदनानंतर, डबे तसेच सोडू नका. पोटातला ॲम्प्लिफायर तापला की तो आपोआप बंद पडतो आणि आपण उगाच दुकानात धावतो.

कोजागिरीचा पेच उरलाच होता. चंद्र माथ्यावर येईपर्यंत दहा कधीच वाजून गेलेले असतात. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण त्यात आपला दिवस असेलच असं नाही. तेव्हा आपण पद्धत पाडली : दहाला मिक्सरचं बटण बंद, खुर्च्या जवळ ओढायच्या, दूध आटेपर्यंत नुसत्या गळ्याने गायचं. अनेकांना आता तोच भाग सर्वात जास्त आवडतो.

या डब्यांनी आपलं खरं मोल दाखवलं ते २०२० मध्ये. गणपती छोटा, आरतीला पाचच माणसं. तेव्हा एक स्पीकर अंगणात अगदी हळू लावला आणि प्रत्येक जण आपापल्या गॅलरीतून आरती म्हणत होता. बायपासवाले काकाही दुसऱ्या मजल्यावरून टाळ्या वाजवत होते. पुढच्या वर्षी सी विंगचे सिग्नलवाले काका गेले. घरी जाऊन बसण्याचीही सोय नव्हती. २०१८ च्या उत्सवात त्यांनी वाजवलेली हार्मोनियम मिक्सरवरून रेकॉर्ड करून ठेवली होती, ती तेराव्या दिवशी संध्याकाळी अंगणात लावली. डग्गा स्वच्छ ऐकू येत होता, मध्येच काकांचं खाकरणंसुद्धा.

आज या सामानाला नऊ वर्षं झाली. एका डब्याचा आतला बोर्ड एकदा बदलला, दोन माइक गेले, वायरी उंदरांनी कुरतडल्या म्हणून पत्र्याची पेटी केली. मात्र २०१६ नंतर रजिस्टरमध्ये ते "नाराजी व्यक्त केली"चं वाक्य एकदाही आलेलं नाही. सध्या नववी-दहावीतली चार मुलं-मुली मिक्सर सांभाळायला शिकून राहिली आहेत. नवीन सभासदांना विनंती एवढीच, की सामान नेताना वहीत सही करावी, पेटीची किल्ली बी विंगच्या ऑफिसमध्ये परत द्यावी आणि वायरी कोपरावर न गुंडाळता सैल वेटोळ्यात ठेवाव्यात. यंदाच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात पहिलं गाणं भजनी मंडळाचं आहे. मागच्या खुर्च्या लवकर भरतात, जरा वेळेवर यावं.