हीथ लेजरच्या नावाची शिष्यवृत्ती

गेल्या वर्षी पर्थला धाकट्या लेकीकडे महिनाभर राहून आले. तेथील नॉर्थब्रिज भागात सरकारी नाट्यगृह आहे. जानेवारी २०११ मध्ये ते सुरू झाले. त्यातील ५७५ आसनांच्या मुख्य रंगमंदिराला हीथ लेजर या नटाचे नाव आहे. नात बरोबर होती. दाराशी थांबून ती म्हणाली, "आजी, जोकर झाला होता ना, तोच हा." मला जोकर म्हटले की भायखळ्याला पाहिलेली सर्कस आठवते. पण नाव मात्र मला ठाऊक होते, आणि ते का ठाऊक होते तेच आज वाचक बंधुभगिनींना सांगायचे आहे.

अकाली गेलेल्या नटाचे नाव नाट्यगृहाला द्यावे ही रीत आपल्या मराठी मुलखाला नवी नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर त्यांनी संयुक्त 'मानापमान' केले, आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला विषमज्वराने ते गेले. वय अवघे एकतीस. कोल्हापूरचे ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बातमी वाचून फार हळहळ वाटली.

हीथ लेजर गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. जन्म पर्थमध्येच, ४ एप्रिल १९७९. शाळेत असताना बुद्धिबळात तरबेज, नाटकात पुढे. सतराव्या वर्षी मित्राबरोबर मोटारीने सिडनीला निघाला. पर्थ ते सिडनी रस्त्याने सुमारे चार हजार किलोमीटर, मध्ये मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. हा मुलगा नाट्यशाळेत शिकला नाही. सिडनीत दूरचित्रवाणीवर मिळेल ते काम केले, मग अमेरिका गाठली. 'ब्रोकबॅक माउंटन' (२००५) ने त्याला मोठा नट ठरवले. 'द डार्क नाइट' या चित्रपटातील जोकरच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले, पण ते २२ फेब्रुवारी २००९ रोजी आई, वडील आणि बहीण यांनी मंचावर जाऊन घेतले. तो २२ जानेवारी २००८ रोजी न्यूयॉर्कच्या घरात मृतावस्थेत सापडला होता.

त्या वेळी वर्तमानपत्रांनी काय काय छापले! कोणी आत्महत्या म्हटले, कोणी जोकरने त्याला गिळले म्हणून लिहिले. ६ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या सरकारी वैद्यकीय तपासनिसांनी निष्कर्ष जाहीर केला तो फार साधा होता: अपघाती मृत्यू, सहा औषधांचा एकत्रित परिणाम. ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही अफूच्या कुळातली दोन वेदनाशामके. डायझेपाम, टेमाझेपाम, अल्प्राझोलाम ही चिंतेची आणि झोपेची तीन. सहावे डॉक्सिलामीन, ज्याने गुंगी येते. मी तो निष्कर्ष दोनदा वाचला. त्यातले एकही नाव मला परके नव्हते. आयुष्यभर वॉर्डातल्या ट्रॉलीवरून मी हीच औषधे वाटली.

अशी औषधे चालू असलेल्या रोग्याचा श्वास पूर्ण मिनिटभर घड्याळ धरून मोजायचा, असे आम्हाला शिकवले होते. कारण यांतले प्रत्येक औषध मेंदूला थोडे थोडे सुस्त करते. एक घेतले तर झोप लागते. एकावर एक पडत गेली तर श्वास घ्यायचा हेच शरीर विसरते. रोगी शांत झोपलाय असे वाटते आणि तो हातचा जातो. मरण्याच्या दोन-अडीच महिने आधी हीथने एका मुलाखतीत सांगितले होते की आपल्याला रात्री सरासरी दोन तासच झोप लागते. झोप न येणारा माणूस एक गोळी घेतो, तासाने दुसरी घेतो. केशवराव गेले तेव्हा विषमज्वरावर औषधच नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल आले ते १९४८ च्या सुमारास. एक नट औषधाविना गेला, दुसऱ्याच्या उशाशी सहा औषधे होती.

आपल्या लोकांच्या घरात गोळ्यांचा डबा असतो. त्यात आईच्या गोळ्या, शेजारणीने दिलेल्या, मुंबईहून येताना आणलेल्या. ऑस्ट्रेलियात १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीन असलेली औषधे चिठ्ठीशिवाय मिळेनाशी झाली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठांनी कुरकुर केली. मी केली नाही. हीथचे वडील किम लेजर यांनी हाच विषय हाती घेतला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांच्या गैरवापराविरुद्ध काम करणाऱ्या 'स्क्रिप्टवाइज' या ऑस्ट्रेलियन संस्थेचे ते आश्रयदाते झाले. मुलगा कसा गेला हे लपवायचे नाही, असे ठरवायला बापाचे काळीज किती घट्ट लागत असेल!

आता शिष्यवृत्तीकडे येते. लॉस एंजलिसमध्ये 'ऑस्ट्रेलियन्स इन फिल्म' नावाची संस्था आहे; तिथे काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन सिनेमावाल्यांची. हीथ गेला त्याच वर्षी या संस्थेने त्याच्या नावाने तरुण नटांसाठी शिष्यवृत्ती काढली. रोख रक्कम, अभिनयाचे शिक्षण, प्रवासाची सोय, असे तिचे स्वरूप. मला तिच्यात आवडते ते हे की ती बक्षीस नाही. नाव झालेल्याला ती नको होती. परक्या शहरात पोचलेल्या, कामाची वाट पाहणाऱ्या, भाडे भरता भरता जीव मेटाकुटीला आलेल्या पोरासाठी ती होती. हीथच्या आयुष्यातला हाच तुकडा त्यांनी निवडला: सतराव्या वर्षीचा प्रवास. पुतळा उभारला असता तर जोकरचा उभारावा लागला असता.

२०१० साली ती बेला हीथकोट हिला मिळाली, पुढच्या वर्षी रायन कॉर याला. २०१४ चा कोडी फर्न हा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सदर्न क्रॉस या आडगावचा. २०१७ चा मोजीन आरिया, आईबाप इराणचे. २०१८ ची शारमेन बिंग्वा, पर्थमध्ये वाढलेली, आईबाप झिम्बाब्वेहून आलेले. ही शेवटची दोन नावे मी मुद्दाम लिहिली. परक्या देशात येऊन रात्रपाळ्या करून मुले वाढवणारे आईबाप, आणि त्यांच्या पोटी नाटक करायला निघालेले मूल. त्या घरांत काय संभाषण झाले असेल ते मला शब्दशः सांगता येईल, कारण माझ्या घरी ते झाले आहे.

आपल्या समाजाला नट नवे नाहीत. 'बूट पॉलिश' (१९५४) मधले जॉनचाचा, म्हणजे आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर, वकिलीचे शिक्षण घेऊन पडद्यावर गेले. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपलेच. त्यांची नावे आपण लग्नात, मालिद्याच्या वेळी अभिमानाने काढतो. पण घरात दुसरा डेव्हिड नको असतो. घरात फार्मसिस्ट हवा, अकाउंटंट हवा, नर्स हवी.

माझ्या धाकटीने अठराव्या वर्षी नाट्यशाळेचा अर्ज आणला होता. मी रात्रपाळीवरून आले होते, पाय सुजले होते. म्हटले, "हे शिकून पोट कोण भरणार? आधी फिजिओथेरपी कर, मग बघू." तिने ती केली. चांगली कमावते, पर्थला घर आहे. 'मग बघू' मात्र राहून गेले. तिने कधी बोलून दाखवले नाही आणि मीही विचारले नाही.

त्या दिवशी नाट्यगृहातून परतताना नातीने सांगितले की तिला वापामध्ये जायचे आहे. वापा म्हणजे पर्थची नाट्य-संगीताची सरकारी अकादमी, १९८० साली निघालेली. ह्यू जॅकमन तिथेच शिकला. प्रवेशासाठी परीक्षकांसमोर स्वगते म्हणून दाखवावी लागतात. मुलगी मोटार चालवत होती. तिने आरशातून माझ्याकडे पाहिले, बोलली काही नाही. मी नातीला विचारले, फी किती, आणि एवढ्या लांब रोज जाणार कशी.

सध्या ती शनिवार संपला की रात्री फोन करते आणि आपले स्वगत म्हणून दाखवते. इंग्रजी भरभर बोलते, मला निम्मे कळत नाही. मी सांगते, बाई, मध्ये श्वास घे.