कठडा आणि प्रमाण-वाहन

रस्त्याकडेचा संरक्षक कठडा सुरक्षित आहे, या विधानात ‘कोणत्या वाहनासाठी?’ हा प्रश्न अध्याहृत असतो. अमेरिकेतील धडक-चाचण्यांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाची बदलत गेलेली उत्तरे होत. १९६२ साली हायवे रिसर्च बोर्डाच्या एकपानी परिपत्रकाने ४,००० पौंडांची एकच मोटार प्रमाण मानली. ती ताशी ६० मैल वेगाने, ७ व २५ अंशांच्या कोनांत कठड्यावर आदळावयाची होती. लहान मोटारींचा प्रसार होताच १९८१ च्या मानकात १,८०० पौंडांची मोटार आली. १९९३ मध्ये मोठ्या मोटारीची जागा २,००० किलोग्रॅमच्या पिकअप ट्रकने घेतली; २००९ मध्ये ते वजन २,२७० किलोग्रॅम झाले.

खरी अडचण उंचीची होय. कठडा ठेंगणा असल्यास उंच वाहन त्यावरून उलटण्याची, आणि उंच असल्यास छोटी मोटार त्याखाली शिरण्याची भीती असते. म्हणूनच एकाच कठड्याची परीक्षा दोन्ही टोकांच्या वाहनांनी घेतली जाते. तथापि मानक बदलते ते रस्त्यावरील वाहने बदलल्यानंतर. मधल्या काळात जुन्या कसोटीस उतरलेले कठडे नव्या वाहनांसमोर उभे असतात, आणि या विलंबाचे मोल प्रवाशांच्या प्राणांनी चुकते होते.