डेटा एंट्रीची नोकरी कुठे गेली? कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या तरुणांची कामे

वस्तीतल्या विहारात आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. तिथे येणाऱ्या मुलामुलींच्या बायोडाटात काही गोष्टी जवळपास ठरलेल्या असतात. एमएस-सीआयटी, मराठी ३० आणि इंग्रजी ४० चे टायपिंग, टॅली आणि शेवटी 'डेटा एंट्रीचा अनुभव'. एवढ्यावर आपल्या समाजातल्या एका पिढीची पहिली टेबल-खुर्चीची नोकरी उभी राहिली. आई घरकाम करणारी, वडील सफाई खात्यात किंवा नाक्यावर आणि मुलगी संगणकासमोर. या नोकरीचा पगार कमी होता, बहुतेक ठिकाणी ती कंत्राटी होती आणि तिथे आरक्षण नव्हते. तरीही झाडू आणि घमेल्यापासून सुटण्याचा तो एक रस्ता होता. आता तोच अरुंद होतो आहे. नेमके काय बदलते आहे हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावे, म्हणून ही माहिती.

यंत्र नेमके काय करते?

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले आणि सगळे अचानक बदलले, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. हिशोबाच्या कामातले पुन्हा पुन्हा टाइप करणे त्याआधीच कमी होऊ लागले होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. २०२० पासून खरेदीच्या करसवलतीचे जीएसटीआर-२बी हे विवरण पोर्टलवर आपोआप तयार होऊ लागले. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. यात कृत्रिम बुद्धिमत्ता काहीच नाही. एकदा भरलेली माहिती पुढे आपोआप जाते, इतकेच. 'एआयने नोकऱ्या खाल्ल्या' असे म्हणण्याआधी हा फरक लक्षात ठेवलेला बरा. मालक लोकही हल्ली कपातीचे खापर यंत्रावर फोडायला शिकले आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे खरोखर नवे झाले ते वेगळे आहे. पूर्वीचे स्कॅन करून वाचणारे सॉफ्टवेअर ठरावीक साच्याच्या फॉर्मवरच नीट चालायचे. कागद थोडा वेगळा असला की माणूस लागायचा. आता मोबाइलवर काढलेला चुरगळलेल्या बिलाचा फोटो दिला, तरी यंत्र त्यातून पार्टीचे नाव, तारीख, रक्कम आणि कर वेगळे काढून एक्सेलमध्ये मांडते. ग्राहकाचा ईमेल वाचून उत्तराचा मसुदा देते, तासाभराच्या बैठकीचे टिपण काढते. मराठीही यातून सुटलेली नाही. बोलून मराठी टाइप करण्याची सोय गूगलने २०१७ मध्येच आणली. न्यायनिवाड्यांच्या भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' हे सॉफ्टवेअर आणले, त्यात मराठी आहे. पहिला मसुदा यंत्राचा, तपासणी माणसाची, अशी ही पद्धत.

पण यंत्राचा एक दोष फार महाग पडू शकतो. बिलावरचा आकडा पुसट असेल तर टायपिस्ट मुलगी उठून विचारते, "सर, हे ३ आहे की ८?" यंत्र बहुतेक वेळा विचारत नाही. ते अंदाजाने एक आकडा टाकते आणि तो बाकीच्या बरोबर आकड्यांइतक्याच ठामपणे टाकते. म्हणून तपासणारा माणूस लागतोच. हिशोबाच्या ऑफिसांत काम करणारे आमचे सहकारी सांगतात, की चार-पाच टायपिस्टांच्या जागी आता एक-दोन तपासनीस पुरतात आणि त्या जागेवर टायपिंगचा वेग कोणी विचारत नाही. नोंद चुकली आहे हे ओळखण्यासाठी डेबिट-क्रेडिट कळावे लागते, ते विचारतात. पूर्वी मुलगा टाइप करता करता हिशोब शिकायचा आणि तीन-चार वर्षांत अकाउंटंट व्हायचा. शिडीची ती खालची पायरीच निघाली आहे. नोकऱ्यांच्या आकड्यांपेक्षा आम्हाला याची जास्त काळजी वाटते, कारण वरच्या मजल्यावर ज्यांचे काका-मामा आधीच बसलेले आहेत त्यांना शिडी लागतच नाही.

यंत्राला शिकवणारे हात

यंत्र स्वतःहून शहाणे झालेले नाही. २००९ मध्ये जगासमोर आलेल्या 'इमेजनेट' या चित्रसंग्रहात सुमारे १ कोटी ४० लाख चित्रे होती. त्यांना नावे देण्याचे काम इंटरनेटवरून १६७ देशांतल्या सुमारे ४९ हजार लोकांनी केले. चॅटजीपीटी घाण बोलू नये म्हणून केनियातले कामगार हिंसेची आणि लैंगिक अत्याचाराची वर्णने दिवसभर वाचून त्यांवर खुणा करत होते. त्यांच्या हातात तासाला २ डॉलरपेक्षाही कमी पडत होते, हे 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. भारतातही हे काम चालते. बंगळुरूची 'कार्या' ही संस्था गावातल्या लोकांचे आवाज त्यांच्या भाषेत रेकॉर्ड करून घेते आणि त्यासाठी किमान वेतनाच्या कितीतरी पट मोबदला देते. म्हणजे चांगले दाम देऊनही हे काम करता येते. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक मांडला होता. घाण वाचायचे काम नेमके कोणाच्या वाट्याला येते, हे पाहिले की तो फरक आजही तसाच दिसतो.

आडनावाचा प्रश्न

डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७ चा अभ्यास आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुस्लिम नावांची स्थिती त्याहून वाईट होती. ही निवड माणसांनी केली होती.

आता अर्जांची पहिली चाळणी अनेक कंपन्यांत सॉफ्टवेअर करते. ते शिकते जुन्या निवडींवरून. अ‍ॅमेझॉनने असे एक यंत्र बनवून पाहिले, दहा वर्षांतले अर्ज त्याला दाखवले. आधी बहुतेक पुरुषच निवडले गेले होते, म्हणून यंत्र बायकांचे अर्ज मागे टाकू लागले. अखेर तो प्रयोग बंद करावा लागला, अशी बातमी २०१८ मध्ये 'रॉयटर्स'ने दिली. तिथे स्त्री-पुरुष भेद होता, इथे जात असेल. आडनाव गाळून भागत नाही. गाव, कॉलेज, पिनकोड यांवरूनही जात कळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने दिलेला एक प्रसंग आम्ही अभ्यासिकेत वाचून दाखवला. समाजशास्त्राच्या एका दलित संशोधकाने फेलोशिपच्या अर्जाचे इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटीला दिले. इंग्रजी सुधारून आले, पण सोबत त्यांचे आडनाव बदलून 'शर्मा' झाले होते. मुले आधी हसली, मग गप्प झाली. म्हणून आम्ही सांगतो, यंत्राकडून अर्ज जरूर लिहून घ्या, पण नाव, आडनाव, गाव आणि शाळा यांचे प्रत्येक अक्षर पाठवण्याआधी स्वतः वाचा.

'घरबसल्या टायपिंग'च्या जाहिराती

हा भाग पालकांनाही वाचून दाखवा. काम कमी झाले, पण कामाच्या जाहिराती कमी झालेल्या नाहीत. 'पीडीएफ पाहून वर्डमध्ये टाइप करा, महिन्याला २५ हजार कमवा' असे व्हॉट्सअ‍ॅपवर येते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने असे काम घेतले. नोंदणीचे पैसे भरले, सहा रात्री जागून टाइप केले. सातव्या दिवशी 'अचूकता ९८ टक्क्यांच्या खाली' असे कळवले आणि मग वकिलाच्या नावाने करारभंगाची नोटीस आली, दंड भरा नाहीतर कोर्टात या. घाबरून तिने उसने काढून काही रक्कम भरली. आमच्याकडे आली ती त्यानंतर.

छापील पानाचा मजकूर यंत्र काही सेकंदांत जवळपास फुकट काढून देते. मग त्याच कामासाठी कोणी महिन्याला २५ हजार का देईल? हा एक प्रश्न विचारला तरी अशा बहुतेक जाहिराती उघड्या पडतात. काम देण्याआधी पैसे मागणारा मालक नसतो. अशी नोटीस आली तर पैसे भरू नका, सगळे मेसेज जपून ठेवा, १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. लाज वाटून गप्प बसणाऱ्यांवरच हा धंदा चालतो.

काय शिकावे, काय जपावे

टायपिंगच्या शासकीय परीक्षा अजून अनेक भरत्यांत लागतात, तेव्हा त्या सोडू नका. पण खासगी नोकरीसाठी तेवढ्यावर थांबू नका. हिशोबाचे मूळ, एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवून फरक शोधणे, ग्राहकाशी फोनवर नीट बोलणे आणि यंत्राने दिलेले उत्तर मूळ कागदाशी ताडून पाहणे, या चार गोष्टी आम्ही सध्या शिकवतो. महागडे 'एआय मास्टर' कोर्स घ्यावेत असे आम्हाला वाटत नाही. त्यातले बरेचसे मोबाइलवर फुकट शिकता येते.

आधार, जातीचा दाखला, गुणपत्रिका चॅटबॉटमध्ये टाकू नका. आपल्या संस्थांनीही विहारातल्या सभासदांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणे बंद करावे. आम्हीही ते करत होतो, आता करत नाही. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे.

आणि फॉर्म कोणीही भरो, माणूस किंवा यंत्र, धर्माचा रकाना स्वतः पाहा. सेवा केंद्रात न विचारता 'हिंदू' भरलेले अर्ज आम्ही अनेकदा दुरुस्त करून घेतले आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. पुढची जनगणना २०२७ ची आहे, ती मोबाइल अ‍ॅपवर होणार आहे आणि जातीचीही नोंद होणार आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतला माणूस बौद्ध असला तरी अनुसूचित जातीतच गणला जातो, तेव्हा 'बौद्ध' लिहिले तर सवलती जातील ही भीती बाळगू नका. प्रगणक घरी आला की पडद्यावर काय भरले ते त्याला दाखवायला सांगा, आणि घरात त्या वेळी आजी एकटीच असेल तर हे तिला आधीच समजावून ठेवा.