पाण्यातून पसरतो; प्रयोगशाळेत मात्र वाढत नाही!

शहागंजसारख्या जुन्या, दाट वस्तीच्या भागांसह छत्रपती संभाजीनगरने नळाच्या पाण्यातील अनेक दिवसांचा खंड वर्षानुवर्षे सोसला आहे. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि गळक्या सांध्यांतून सांडपाणी आत ओढले जाण्याचा धोका असतो. अशा पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे एक प्रमुख कारण म्हणजे 'हिपॅटायटिस ई' हा यकृताचा विषाणू. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. परंतु गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत लागण झालेल्या स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदविले गेले आहे.

उशिरा पटलेली ओळख

दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. हा 'हिपॅटायटिस ए' असावा, असा तेव्हा समज होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतातील साथींच्या रक्तनमुन्यांचा अभ्यास करून १९८० मध्ये निराळ्या विषाणूचा पुरावा मांडला.

पेशीसंवर्धनाची अडचण

'ए' विषाणू १९७९ मध्ये प्रयोगशाळेतील पेशींत वाढविता आला आणि त्यातूनच पुढे त्याची लस तयार झाली. 'ई' मात्र दाद देईना. २००७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी यकृताच्या कर्करोगपेशींत तो वाढविला. २०११ मध्ये अमेरिकेत दुसरा वाण वाढला. त्याने मानवी जनुकाचा एक तुकडाच आपल्या जनुकसंचात सामावून घेतला होता. हे दोन्ही वाण डुकरांतही आढळणाऱ्या तिसऱ्या जनुकीय प्रकारातील होते. भारतातील साथींना कारणीभूत असलेला पहिला प्रकार पेशींत अत्यंत कमी वाढतो.

परिणाम काय?

जनुकीय चाचणीत पाण्यातील विषाणूचे अस्तित्व कळते. तो लागण करण्याइतका जिवंत आहे की नाही, हे कळत नाही. त्यासाठी पेशीसंवर्धनच लागते. औषधांची पारखही त्याअभावी रखडते. रिबाव्हिरिन हे औषध काही रुग्णांना दिले जाते, पण गर्भवतींना ते वर्ज्य आहे.

चीनने २०११ मध्ये मान्यता दिलेल्या लसीने ही अडचण टाळली. तीत विषाणू न वाढविता त्याचे केवळ एक प्रथिन जिवाणूंकडून तयार करून घेतले जाते. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मात्र या लसीचा समावेश नाही. त्यामुळे खळखळून उकळलेले पाणी आणि सांडपाण्यापासून सुरक्षित जलवाहिन्या हाच येथे खरा बचाव ठरतो.