छावणीच्या इतिहासातील एक मिटलेले पान

ऑगस्ट १८०३मध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि यथावकाश हे शहर छावणीचे झाले. नेहरूंच्या बंदिवासामुळे किल्ल्याला वाङ्मयेतिहासात स्थान मिळाले. छावणीला ते मिळाले नाही. आज अहिल्यानगर म्हणवणाऱ्या या जिल्ह्याचा रणगाड्यांशी असलेला संबंध सर्वांना ठाऊक आहे, पण छावणी नावाच्या व्यवस्थेने स्त्रीदेहाशी जो व्यवहार केला त्याविषयी आपण फारसे बोलत नाही.

१८६४चा छावणी कायदा आणि १८६८चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांमागे गोऱ्या शिपायांचे गुप्तरोगांपासून रक्षण हा हेतू होता. नोंदणी मात्र वेश्यांची. सक्तीची तपासणी त्यांचीच, आणि रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये अडकून पडणेही त्यांचेच. (नावातच कुलूप आहे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.) जोसेफिन बटलर आदींच्या चळवळीनंतर १८८८ साली दुसरा कायदा रद्द झाला. रोग दोघांचा आणि कलंक एकीचा, ही विभागणी मात्र कायद्याबरोबर गेली नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३-८४मध्ये ओळखला. तो स्त्री-पुरुष दोघांतही राहतो. बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत निघून जातो, काहींच्या राहतो आणि कित्येक वर्षांनी घात करतो. तरीही आपल्याकडे हा 'बायकांचा आजार' म्हणूनच ओळखला गेला.

या बाबतीतला मोठा पुरावा जामखेडच्या पलीकडचा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. पण तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी मिळाली नव्हती. तो आक्षेप आजही पुरता शमलेला नाही, आणि शमू नये असे मला वाटते.

त्याच वर्षी बार्शी-पुण्यासह अनेक केंद्रांवर लशीच्या डोसांची चाचणी सुरू झाली. एप्रिल २०१०मध्ये, खम्मम आणि वडोदऱ्याच्या वेगळ्याच प्रकल्पांतील मुलींच्या मृत्यूंनंतर, सरकारने सगळेच थांबवले. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. संमती घेण्याच्या पद्धतीवर मात्र संसदीय समितीने २०१३ साली कठोर ताशेरे ओढले. मुलींची संमती वसतिगृहाच्या अधीक्षकांनी द्यावी, यात लॉक हॉस्पिटलची आठवण होणे अगदीच अस्थानी नाही. त्या स्थगितीमुळे ४,९४९ मुलींना एकच डोस मिळाला. दहा वर्षांनी, २०२१मध्ये, दिसले की चिवट संसर्गापासून एका डोसाचे संरक्षण तीन डोसांइतकेच आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागे हा अपघाती पुरावाही होता.

साठीतल्या निवृत्त सुभेदाराला ही लस आता फारशी उपयोगाची नाही. त्याच्या तोंडाच्या कर्करोगाला आपल्याकडे मुख्यतः तंबाखू जबाबदार असते. घशाच्या काही कर्करोगांत हा विषाणूही असतो. लस नातवंडांसाठी, मुलगा असो वा मुलगी. आणि तिशी ओलांडलेल्या सुनेसाठी चाचणी. २००३पासून माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत पत्नीलाही उपचार मिळतात. तिला चाचणीविषयी कोणी विचारले का, आणि विचारले तर तिला 'नाही' म्हणता आले का, हे त्या घरातच कळेल.