सरपणाआधी झाडाचं नाव



पुतणीचं लग्न घरीच होतं, सगळा स्वयंपाक चुलवणावर. सरपण कमी पडेल म्हणून डोंगराकडच्या वरकस रानातलं, बांधावरचं एक झाड हेरून ठेवलं होतं. रान वाटणीत आलेलं, झाडाचं नाव घरात कोणालाच माहीत नाही. फांद्यांच्या टोकाला मोठी जाड पानं झुपक्यानं, खालून फिकट. लांबून मला मोहच वाटला. एक फांदी तोडली तर चीक आला आणि बघता बघता कोयत्यावर डांबरासारखा काळा पडला.

शेळ्या घेऊन चाललेली एक आजी थांबली. "लेकरा, बिब्बा हाय ह्यो. चुलीत घातलास तर धुरानं आख्ख्या वऱ्हाडाची तोंडं सुजतील."

चांगल्या कामात बिब्बा घालणं आपण नुसतं बोलतो, मी तो खरंच घालायला निघालो होतो. दोन दिवसांत मनगटावर फोड आले. उतला तो उतलाच. हात बांधून बसलो तेव्हा जरा वाचन झालं, त्याचं हे टिपण.

हे झाड ओळखणारे लोक आपल्याकडे फार जुने. चरकसंहितेत भल्लातक नावानं त्याचे रसायनप्रयोग सांगितलेत. पण झाडाला जगात नाव मिळालं ते परटांमुळे. फळाच्या काळ्या तेलानं ते कपड्यांवर खुणा करत, वर चुना लावला की खूण पक्की, धुऊनही जात नाही. इंग्रज त्याला 'मार्किंग नट' म्हणू लागले. 'सेमेकार्पस' हे शास्त्रीय नाव लिनियसच्या मुलानं दिलेलं, ग्रीकमधला अर्थ खुणेचं फळ. म्हणजे परटाची खूण थेट वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसली. आंबा आणि काजू याच कुळातले. काजूच्या टरफलाचं तेल अंगाला लागलं की काय होतं ते कोकणातल्या मंडळींना विचारा.

आता तोडण्याचा इतिहास. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५-१६ च्या सुमारास) आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विचार आहे. साग वगैरे लागेल तो परवानगीनं तोडावा, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. म्हणजे कुऱ्हाडीआधी दोन प्रश्न : झाड कोणतं आणि कोणाचं.

पुढे इंग्रजांनी तोच प्रश्न वेगळ्या हेतूनं विचारला. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्यांनी डॅलझेलबरोबर इलाख्यातल्या वनस्पतींचं पुस्तक १८६१ मध्ये काढलं. सरकारला हवी होती मुख्यतः इमारती आणि जहाजाची लाकडं. १८७८ च्या वनकायद्यानं राखीव जंगलं आली आणि सरपणाच्या मोळीवरही पहारा बसला. गिब्सन डॉक्टर होते, झाडांवर त्यांचा जीव होता हे मात्र मान्य करावं लागेल.

स्वतःच्या बांधावरच्या झाडालाही नियम आहे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, ऐन, अंजन, जांभूळ अशी झाडं येतात, ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. यादीत बिबळा आहे, बिब्बा नाही. नावं जवळची, झाडं पार वेगळी. बिबळ्याचा चीक लाल, बिब्ब्याचा काळा होतो. गंमत बघा, मला वाटला तसा तो मोह असता तर मी गुन्हा करत होतो, आणि निघाला बिब्बा तर वऱ्हाड दवाखान्यात. बिब्ब्याला कायद्याची गरज नाही म्हणा, तो स्वतःचा बंदोबस्त स्वतः करतो.

फळं असली की ओळख सोपी : काळं बी, त्यावर पिवळं-नारिंगी फुगलेलं बोंड. नसतील तेव्हा पानं बघा, सालीला कोयत्याचं टोक लावा, थोडं थांबा. उघड्या हातानं नको.

लग्नाला शेवटी बाभळीचं सरपण आणलं. झाड उभं आहे. हिवाळ्यात आजी बिब्बे वेचून घेऊन गेली, फोडून गोडंबी काढली, आणि पुतणीच्या डिंकाच्या लाडवांसाठी वाटीभर घरी आणून दिली.